फ्लॉरेन्सचं सान जोव्हान्नी बाप्तिस्मागृह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुतेकदा एकच दिवस येतो. त्यात कॅथेड्रलसमोरच्या या अष्टकोनी इमारतीपुढे थोडा वेळ थांबायचं, सोनेरी दाराचा फोटो काढायचा आणि गाइडच्या मागे पुढे निघायचं. घरी येऊन फोटो पाहताना मग प्रश्न पडायला लागतात. सहलीहून आलेल्यांनी, जायची तयारी करणाऱ्यांनी आणि आर्किटेक्चर किंवा कला-इतिहास शिकणाऱ्या मुलांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न दारांबद्दल येतात. दारं अप्रतिम आहेतच, पण ती या इमारतीच्या गोष्टीचा उत्तरार्ध आहेत असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी इमारत आणि मग दारं.

१. बाप्तिस्मागृह म्हणजे चर्चच ना? मग वेगळं नाव कशाला?

ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा पाण्याचा संस्कार म्हणजे बाप्तिस्मा. मराठी कॅथलिक मंडळी त्याला स्नानसंस्कारही म्हणतात. हा संस्कार करण्यासाठी मुख्य चर्चपासून वेगळी बांधलेली वास्तू म्हणजे बाप्तिस्मागृह. तिच्यात वेदी असते, प्रार्थना होते, मिस्साही होऊ शकतो. पण तिचा केंद्रबिंदू वेदी नसून पाण्याचं कुंड असतो. त्यामुळे लांबट चर्चमध्ये नजर जशी पुढे वेदीकडे जाते तसं इथे होत नाही. इमारत मध्यबिंदूभोवती उभी राहते आणि माणूस मधोमध येऊन वर बघतो. फ्लॉरेन्सचं बाप्तिस्मागृह बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं आहे. इटालियन भाषेत तो सान जोव्हान्नी आणि या शहराचा रक्षक संत.

२. त्यासाठी स्वतंत्र इमारत लागायची कशाला? आपल्याकडच्या चर्चमध्ये तर कुंड आतच असतं.

सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्मा घेणारे बहुतेक प्रौढ असत. कपडे उतरवून पाण्यात उतरायचं, वर आल्यावर पांढरं वस्त्र नेसायचं आणि मगच मुख्य चर्चमध्ये पाऊल टाकायचं, असा तो विधी होता. बाप्तिस्मा न झालेल्यांना प्रभुभोजनाच्या विधीला थांबता येत नसे, त्यामुळे संस्काराची जागा चर्चच्या बाहेर असणं स्वाभाविक होतं. संस्कार बिशपने करायचा आणि तोही मुख्यतः ईस्टरच्या आदल्या रात्री. म्हणजे एकाच रात्री पुष्कळ माणसं आणि भरपूर पाणी. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकाच्या मध्याची, एका घरातलीच बाप्तिस्म्याची खोली सापडली आहे. माहीत असलेल्या अशा जागांमधली ही सगळ्यात जुनी. पुढे स्वतंत्र इमारती आल्या.

तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा रूढ झाला, डोक्यावर पाणी ओतणं पुरेसं मानलं जाऊ लागलं आणि प्रत्येक चर्चमध्ये दाराजवळ एक छोटं कुंड भागू लागलं. वसईत किंवा गोव्यात आपण पाहतो ती हीच पद्धत. युरोपात बहुतेक ठिकाणी वेगळं बाप्तिस्मागृह बांधायची गरज तेव्हाच संपली. इटलीतल्या शहरांनी मात्र मध्ययुगातही अशी बाप्तिस्मागृहं बांधली, आणि पूर्वीपेक्षा भव्य बांधली. कारण तोवर ती शहराच्या अभिमानाची गोष्ट झाली होती (प्रश्न १३ पाहा).

३. आठच बाजू का?

ख्रिस्ती विचारात आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस. सृष्टी सात दिवसांची, आणि त्यापलीकडचा आठवा दिवस नव्या जीवनाचा. बाप्तिस्मा म्हणजे जुनं मरण आणि नवा जन्म, म्हणून आठ हा आकडा त्याला चिकटला. रोममधल्या लॅटरन बाप्तिस्मागृहाला पाचव्या शतकात अष्टकोनी रूप मिळालं. राव्हेन्नातली जुनी बाप्तिस्मागृहंही अष्टकोनी आहेत. बांधकामाच्या दृष्टीनेही अष्टकोन सोयीचा. वर्तुळासारखा तो मध्याभोवती फिरतो, पण भिंती सरळ राहतात, त्यामुळे दगड घडवणं आणि दारं बसवणं सोपं जातं.

फ्लॉरेन्सचा अष्टकोन पुरता शुद्ध नाही. पश्चिमेच्या बाजूला एक चौकोनी भाग बाहेर आलेला दिसतो. ती वेदीची जागा, १२०२ साली बांधलेली.

४. सगळीकडे आठच बाजू असतात का? पीसाचं तर गोल आहे.

नियम असा नव्हताच. झुकत्या मनोऱ्याशेजारचं पीसाचं बाप्तिस्मागृह दिओतिसाल्वी या स्थापत्यकाराने ११५२-५३च्या सुमारास सुरू केलं. ते वर्तुळाकार आहे, इटलीतलं सगळ्यात मोठं आहे आणि पूर्ण व्हायला चौदावं शतक उजाडलं. खालच्या अर्धवर्तुळाकार कमानी आणि वरची टोकदार गॉथिक नक्षी यांतला फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो, कारण मधे पिढ्या गेल्या. आतलं कुंड मात्र अष्टकोनीच आहे. पार्माचं बाप्तिस्मागृह बेनेदेत्तो आन्तेलामीने ११९६ मध्ये सुरू केलं. ते अष्टकोनी, उंच, वेरोनाच्या गुलाबी संगमरवराचं. वेळ असेल तर पार्मा चुकवू नका. गर्दी कमी आणि शिल्पं डोळ्यांच्या उंचीवर.

५. हे आधी रोमन मंगळदेवाचं मंदिर होतं असं गाइडने सांगितलं. खरं आहे का?

नाही. पण ही थाप गाइडची नव्हे, खुद्द फ्लॉरेन्सची आहे आणि निदान सातशे वर्षं जुनी आहे. चौदाव्या शतकातला बखरकार जोव्हान्नी विल्लानी हीच कथा सांगतो आणि कवी दान्तेचाही तिच्यावर विश्वास होता. शहर रोमनांनी वसवलं, मंगळ हा त्याचा पहिला दैवत-रक्षक, पुढे त्याची जागा योहानाने घेतली आणि देऊळही त्यालाच मिळालं, अशी ती मांडणी.

उत्खननात या जागेखाली मंदिराऐवजी रोमन काळातल्या घरांचे अवशेष मिळाले. आत वापरलेले ग्रॅनाइटचे खांब मात्र खरोखर जुन्या रोमन इमारतींमधून आणलेले आहेत. म्हणजे कथा खोटी असली तरी दगड रोमन आहेत.

आणि या चुकीच्या समजुतीनेच पुढे मोठं काम केलं. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचे स्थापत्यकार प्राचीन रोमन शैलीच्या शोधात होते, तेव्हा तिचा एक नमुना आपल्याच चौकात उभा आहे असं त्यांना वाटत होतं. अर्धवर्तुळाकार कमानी, मोजून-मापून बसवलेले स्तंभ, दोनच रंगांतली भौमितिक चौकट, हे सगळं त्यांनी इथून उचललं. प्रबोधनकाळातलं स्थापत्य म्हणून आपण जे शिकतो, त्यातला बराचसा भाग या मध्ययुगीन इमारतीकडे बघत घडला आहे.

६. मग नेमकं किती साली बांधलं?

एकच साल सांगता येणार नाही. या जागी योहानाचं चर्च असल्याचा उल्लेख ८९७ सालच्या कागदपत्रात आहे. ६ नोव्हेंबर १०५९ रोजी पोप निकोलस दुसरा याने इथे प्रतिष्ठापना केली. आजची इमारत मुख्यतः अकराव्या-बाराव्या शतकातली मानतात. शहराचं अधिकृत बाप्तिस्मागृह ती ११२८ साली झाली, शिखरावरचा कंदील (घुमटाच्या टोकावरचा, आत उजेड सोडणारा छोटा मनोरा) साधारण ११५०चा आहे, पश्चिमेचा चौकोनी भाग १२०२चा. तेराव्या शतकात घुमटावरचं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्रकाम, झालं. कोपऱ्यांवरचे पांढरे-हिरवे पट्टे १२९३ मध्ये आले (प्रश्न ८ पाहा). परीक्षेत एका ओळीत लिहायचं असेल तर “१०५९ ला प्रतिष्ठापना, बांधकाम बाराव्या शतकापर्यंत” असं लिहा.

७. बाहेरून घुमट दिसतच नाही, आत गेल्यावर मात्र प्रचंड घुमट आहे. हे कसं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण ज्यांनी विचारला त्यांनी इमारत खरोखर पाहिली आहे असं मी समजतो.

आतला घुमट आठ पाकळ्यांचा आहे. प्रत्येक भिंतीवरून एकेक वक्र पाकळी उठते आणि सगळ्या वर कंदिलापाशी मिळतात. त्याचा आडवा पल्ला २५ मीटरच्या आसपास आहे. असा घुमट आपल्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलतो. तो रेटा थोपवण्यासाठी बांधणाऱ्यांनी बाहेरच्या भिंती घुमटाच्या खांद्यापर्यंत उंच नेल्या आणि त्यावर पिरॅमिडच्या आकाराचं उतरतं छप्पर टाकलं. त्यामुळे बाहेर दिसतो तो तिसरा मजला हा मजला नाहीच. त्यामागे घुमटाचा खालचा भाग दडलेला आहे. घुमटाची वक्ररेषाही अर्धगोलापेक्षा जरा टोकदार आहे, आणि त्याने रेटा कमी होतो.

समोरच्या कॅथेड्रलवर स्थापत्यकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये घुमट चढवला. तोही आठ बाजूंचा आणि टोकदार, फक्त पल्ला सुमारे ४२ मीटर. हा आकार शहराने त्याच्या आधी तीनशे वर्षं रोज डोक्यावर पाहिला होता. ब्रुनेलेस्कीची प्रतिभा याने कमी होत नाही. पण दोन्ही घुमट एकाच सकाळी पाहिले की नातं लगेच कळतं.

८. पांढरा आणि हिरवा दगड कुठला?

पांढरा कराराचा संगमरवर. हिरवा जवळच्या प्रातोचा. त्याला हिरवा संगमरवर म्हणतात, पण भूशास्त्राच्या हिशेबाने तो सर्पेंटाइन आहे आणि पावसात-धुरात काळपट पडतो. हे दगड म्हणजे भिंतीवर चढवलेलं आवरण आहे. आठ कोपऱ्यांवरचे आडवे पट्टे मात्र मूळ रचनेतले नाहीत. तिथे पूर्वी साधा वालुकाश्म होता. विल्लानीच्या म्हणण्याप्रमाणे तो १२९३ मध्ये बदलला आणि हे काम अर्नोल्फो दि कांबिओचं मानलं जातं. मला हे पट्टे जरा भडक वाटतात. बाकीची भिंत किती संयत आहे ते कोपरा झाकून बघितलं तर पटेल.

९. सोनेरी दाराच्या दोन्ही बाजूंना मोडके लालसर खांब का ठेवलेत?

ते पॉर्फिरी या अतिशय कठीण, मौल्यवान दगडाचे आहेत आणि पीसाने दिलेली भेट आहेत. पीसाचं आरमार १११३ ते १११५ दरम्यान भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांवर स्वारीला गेलं. मागे शहर मोकळं राहिलं, तेव्हा लुक्काच्या हल्ल्याच्या भीतीने त्यांनी राखण करायला फ्लॉरेन्सला सांगितलं. त्याची परतफेड म्हणून लुटीतले हे खांब १११७ साली आले. बखरीतली गोष्ट अशी, की ते लाल कापडात गुंडाळून पाठवले होते, आणि उघडून पाहिल्यावर कळलं की मत्सराने त्यांची झळाळी आधीच धुराने घालवलेली आहे. “आंधळे फ्लॉरेन्सवाले, दगाबाज पीसावाले” ही म्हण त्यावरूनच पडली म्हणतात. पुढे शेजारच्या या दोन शहरांमध्ये किती लढाया झाल्या ते पाहिलं, तर लोकांना ही गोष्ट का आवडली असेल ते समजतं.

१०. घुमटावरचं मोझेक कोणी केलं? एवढ्या गर्दीत बघायला सुरुवात कुठून करायची?

एका माणसाचं काम नाही. पश्चिमेच्या वेदीवरच्या छतावर याकोपो नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाचा उल्लेख असलेला लेख आहे आणि ते काम १२२५च्या सुमाराला सुरू झालेलं. मुख्य घुमटाचं काम तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाललं. कोप्पो दि मार्कोवाल्दो आणि चिमाबुए यांचा हात काही भागांत असावा असं अभ्यासक मानतात.

बघायची रीत अशी. पश्चिमेकडे, म्हणजे वेदीकडे तोंड करून उभे राहा. समोरच्या तीन पाकळ्या मिळून अंतिम न्यायाचं एकच दृश्य आहे. मधे बसलेला ख्रिस्त आठ मीटरहून उंच आहे. त्याचे हात नीट पाहा. उजवा तळहात वर, उघडा, स्वीकारणारा, आणि डावा पालथा, दूर सारणारा. तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या जखमा दिसतात. उजव्या हाताखाली थडग्यांतून उठून स्वर्गाकडे निघालेली माणसं, डाव्या हाताखाली नरक. तिथला सैतान माणसं चावून खातो आहे आणि त्याच्या कानांतून साप निघून तेही माणसांना गिळत आहेत. लहानपणी दान्तेच्या डोळ्यांसमोर हे चित्र असणार, आणि त्याच्या महाकाव्यातल्या नरकाच्या तळाशी बसलेला माणसं चघळणारा सैतान वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.

उरलेल्या पाच पाकळ्यांवर आडव्या पट्ट्यांमध्ये चार गोष्टी एकाखाली एक चालतात. सगळ्यात वर सृष्टीची उत्पत्ती, मग योसेफ, मग मरिया आणि ख्रिस्त, सगळ्यात खाली बाप्तिस्मा करणारा योहान. एकेक पट्टी धरून फिरलात तर सुसंगत वाचता येतं. पाकळी धरून वरून खाली आलात तर गोंधळ होतो. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

११. जमिनीकडेही बघा असं सांगतात. काय आहे तिथे?

तेराव्या शतकाच्या सुरुवातीची जडावाची फरशी. भौमितिक आणि प्राण्यांच्या आकृत्या आहेत. एका वर्तुळात बारा राशी आहेत, मधे सूर्य आणि त्याभोवती एक लॅटिन ओळ. तिचा अर्थ साधारण “मी सूर्य, अग्नीने चक्रं फिरवतो आणि स्वतःही फिरतो” असा. गंमत म्हणजे ती ओळ उलटी वाचली तरी तीच राहते, आपल्या “चिमा काय कामाची” सारखी. सूर्याच्या फेऱ्याविषयीची ओळ गोलात कोरायची आणि तिला सुरुवात-शेवट ठेवायचा नाही, हे ज्याला सुचलं तो कारागीर मोठाच म्हणायचा.

१२. कुंडासाठी बांधलेल्या इमारतीच्या मधोमध कुंडच नाही. ते गेलं कुठे?

१५७७ साली ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को दे मेदिची याच्या मुलाचा बाप्तिस्मा थाटात करायचा होता. त्या समारंभाच्या सजावटीसाठी मधलं जुनं, मोठं अष्टकोनी कुंड काढून टाकलं. काम दरबारी स्थापत्यकार बर्नार्दो बुओन्तालेन्ती याने केलं. ज्या कुंडात पिढ्यान् पिढ्या शहराचा बाप्तिस्मा झाला ते एका समारंभासाठी गेलं, हे वाचून आजही वाईट वाटतं. फरशीच्या मधला नक्षी नसलेला अष्टकोन ही त्याची खूण. आज एका बाजूला दिसणारं लहान कुंड चौदाव्या शतकातलं आहे, पण ते इथे नंतर आणून ठेवलेलं आहे.

मूळ कुंड कसं होतं याची एक झलक दान्तेकडून मिळते. त्याच्या महाकाव्याच्या ‘नरक’ या भागातल्या एकोणिसाव्या सर्गात पापी माणसं दगडातल्या गोल भोकांत डोक्यावर उभी पुरलेली आहेत. ही भोकं आपल्या “सुंदर सान जोव्हान्नी”मधल्या भोकांएवढीच होती, असं तो म्हणतो. त्यांतलं एक आपण फोडलं होतं, कारण त्यात कोणीतरी बुडत होतं, असंही सांगतो. कुंडाच्या कडेला पाद्रींना उभं राहण्यासाठी ही भोकं होती असा अर्थ लावतात. गर्दीत धक्के लागू नयेत म्हणून ही सोय.

१३. सगळ्या शहराचा बाप्तिस्मा खरंच एकाच जागी व्हायचा?

हो, आणि माझ्या मते या इमारतीचं खरं महत्त्व इथेच आहे. सरदाराचं मूल असो की लोकर पिंजणाऱ्याचं, बाप्तिस्मा इथेच. दान्तेचा इथेच झाला. मॅकियाव्हेलीचा जन्म ३ मे १४६९चा, बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी, इथेच. ही रीत जवळजवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. बाप्तिस्मा झाला की मूल ख्रिस्ती झालं आणि फ्लॉरेन्सचं झालं, दोन्ही एकदम. हद्दपार झालेल्या दान्तेला कवी म्हणून सन्मान हवा होता तोही याच कुंडापाशी.

विल्लानी एक बारीक तपशील देतो. मुलगा झाला तर पाद्री एक काळी घेवड्याची बी बाजूला टाकायचा, मुलगी झाली तर पांढरी. वर्षअखेरी बिया मोजायच्या. आकडा वर्षाला साडेपाच ते सहा हजार, आणि काळ्या बिया पांढऱ्यांपेक्षा तीनशे ते पाचशेने जास्त. चौदाव्या शतकातल्या युरोपातल्या एका शहराची जन्मनोंद अशी बियांवरून मिळते. १४५० पासून तर लेखी नोंदवह्याच शिल्लक आहेत आणि लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार आहे.

१४. तीन दारं आहेत. कुठलं कोणाचं?

दक्षिणेचं सगळ्यात जुनं, आंद्रेआ पिसानोचं. त्यावर १३३० साल कोरलेलं आहे, बसवलं १३३६ मध्ये. २८ चौकटी. २० योहानाच्या चरित्राच्या, खालच्या ८ सद्गुणांच्या. उत्तरेचं लोरेंझो गिबेर्तीचं पहिलं दार, १४०३ ते १४२४. चौकटी तितक्याच. २० ख्रिस्तचरित्राच्या, ८ चार शुभवर्तमानकार आणि चार चर्चपित्यांच्या (सुरुवातीच्या शतकांतले थोर धर्मपंडित). पूर्वेचं, कॅथेड्रलसमोरचं, गिबेर्तीचंच दुसरं. १४२५ ला काम मिळालं, १४५२ ला पूर्ण झालं. त्यात जुन्या करारातल्या कथांच्या फक्त १० मोठ्या चौकटी.

गोंधळ होतो तो जागांवरून. पूर्वेचं दार मानाचं, त्यामुळे नवं दार आलं की ते पूर्वेला बसे आणि जुनं हलवलं जाई. पिसानोचं आणि गिबेर्तीचं पहिलं, दोन्ही आधी पूर्वेला होती. जुन्या पुस्तकात “पूर्वेचं दार” म्हटलं असेल तर ते कुठल्या सालाबद्दल बोलतंय हे आधी पाहा.

१५. १४०१च्या स्पर्धेत ब्रुनेलेस्की हरला होता ना?

ही स्पर्धा बाप्तिस्मागृहाच्या नव्या ब्राँझच्या दाराचं काम कोणाला द्यायचं यासाठी होती. खर्च करणारा कालिमाला हा कापड व्यापाऱ्यांचा संघ होता. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे. त्यांनी स्पर्धेला विषय दिला इसहाकाचं बलिदान (देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो ती बायबलमधली कथा), आणि अंतिम टप्प्यात सात शिल्पकार होते. गिबेर्ती तेव्हा तेवीसच्या घरातला, ब्रुनेलेस्की त्याच्याहून वर्षभराने मोठा. दोघांच्या चौकटी आज फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी लावलेल्या आहेत.

ब्रुनेलेस्कीची चौकट पाहिली की अंगावर काटा येतो. अब्राहामाने मुलाचा गळा धरला आहे, सुरी टेकली आहे आणि देवदूताने झडप घालून मनगट पकडलं आहे. गिबेर्तीचा प्रसंग शांत आहे, इसहाकाचं उघडं शरीर एखाद्या ग्रीक पुतळ्यासारखं. पण न्यायाधीशांना हिशेबही दिसत होता. गिबेर्तीने जवळजवळ सगळं एकसंध ओतलं होतं, आतून पोकळ ठेवून. ब्रुनेलेस्कीने आकृत्या सुट्या ओतून पाटीवर जोडल्या. गिबेर्तीची चौकट सुमारे सात किलोने हलकी होती. अशा २८ चौकटी करायच्या म्हटल्यावर ब्राँझचा खर्च किती वाचतो ते व्यापाऱ्यांना सांगावं लागलं नसणार.

हरला का? गिबेर्ती स्वतःच्या आठवणींत एकमताने जिंकल्याचं लिहितो. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार मानेत्ती म्हणतो की दोघांना मिळून काम देऊ केलं होतं आणि ब्रुनेलेस्कीने भागीदारी नाकारली. दोघेही आपापल्या बाजूने लिहिणारे. काम गिबेर्तीला मिळालं आणि ब्रुनेलेस्की स्थापत्याकडे वळला, एवढं निश्चित.

१६. ‘स्वर्गद्वार’ हे नाव कोणी दिलं? आणि त्यात एवढं विशेष काय?

मायकेलअँजेलो या दारांना स्वर्गाची दारं शोभतील असं म्हणाला, असं चरित्रकार वासारी सांगतो.

विशेष आहे ते खोलीत. प्रत्येक चौकट साधारण ८० सेंटिमीटरची. पुढच्या आकृत्या जवळजवळ पूर्ण गोलाईत बाहेर आलेल्या, मधल्या अर्ध्या उठावाच्या आणि सगळ्यात मागचे डोंगर-इमारती नुसत्या ओरखड्याएवढ्या. सोन्याचा मुलामा सगळीकडे एकसारखा असल्याने धातू हवेसारखा वाटू लागतो. एकाच चौकटीत गोष्टीचे अनेक प्रसंग आहेत. इसहाक, एसाव आणि याकोब यांची चौकट नीट बघा. कमानींच्या एका मोठ्या दालनात सगळं कौटुंबिक कपट घडतं आहे आणि फरशीच्या रेषा अचूक मागे पळत जातात. चौकटींच्या मधल्या पट्टीत लहान डोकी आहेत. त्यातलं टक्कल पडलेलं, भुवया उंचावून बघणारं डोकं गिबेर्तीचं स्वतःचं.

१७. आम्ही फोटो काढला ते दार खोटं होतं म्हणे?

प्रतिकृती, हो. पूर्वेचं दार १९९० मध्ये उतरवून तिथे प्रतिकृती बसवली. मुलाम्याखाली क्षार साठून तो आतून उचलला जात होता. त्यातच ४ नोव्हेंबर १९६६ च्या आर्नो नदीच्या महापुरात काही चौकटी निखळून पडल्या होत्या. दुरुस्ती अनेक वर्षं चालली. आधी रसायनांच्या अंघोळी, नंतर लेझर. २०१२ पासून मूळ दार कॅथेड्रलच्या संग्रहालयात बंदिस्त काचेमागे आहे, ओलावा लागू नये अशा हवेत. पुढच्या काही वर्षांत उरलेली दोन्ही मूळ दारंही तिथेच गेली. फोटो फुकट गेला असं मानू नका. दार इमारतीत कसं बसतं, उन्हात कसं दिसतं, हे प्रतिकृतीच दाखवते.

१८. आत ‘पोप जॉन तेविसावा’ यांचं थडगं आहे. ते तर विसाव्या शतकातले ना?

तो वेगळा. आत आहे तो बाल्दास्सारे कोशा. चर्चमध्ये एकाच वेळी अनेक पोप हक्क सांगत होते त्या काळातला, पुढे पदच्युत झालेला आणि १४१९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये वारलेला. त्याची गणना अधिकृत यादीत होत नाही, म्हणूनच १९५८ मध्ये निवडून आलेल्या पोपने पुन्हा तेविसावा हाच क्रमांक घेतला. थडगं घडवलं दोनातेल्लो आणि मिकेलोझ्झो या शिल्पकारांनी, दोन जुन्या खांबांच्या मधे अचूक बसवून. त्यावरच्या लेखात “जो एके काळी पोप होता” अशा अर्थाचे शब्द आहेत आणि तत्कालीन पोप मार्टिन पाचवा त्यावरून चिडला होता.

१९. पर्स्पेक्टिव्हचा शोध इथे लागला असं शिकवतात. इमारतीचा त्यात काय संबंध?

पर्स्पेक्टिव्ह म्हणजे सपाट चित्रात खोली आणि अंतर अचूक दाखवायची पद्धत. ब्रुनेलेस्कीने कॅथेड्रलच्या मुख्य दारात, थोडं आत उभं राहून दिसणारं हे बाप्तिस्मागृह एका लहान फळीवर रंगवलं. फळीला एक भोक पाडलं. बघणाऱ्याने मागच्या बाजूने भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशातलं चित्र पाहायचं. आरसा बाजूला केला की तिथेच खरी इमारत. आकाशाच्या जागी त्याने घासून चकचकीत केलेली चांदी लावली होती, म्हणजे खरे ढग चित्रात सरकताना दिसत. मानेत्तीने ही फळी हातात घेऊन पाहिल्याचं लिहिलं आहे. फळी आता उरलेली नाही. हीच इमारत का निवडली असावी? सरळ रेषांची पांढरी-हिरवी चौकट, ठरलेल्या कोनात मागे जाणाऱ्या भिंती आणि समोर मोकळा चौक. मोजायला याहून चांगली वस्तू शहरात नव्हती.

२०. प्रत्यक्ष जायचं असेल तर काय लक्षात ठेवावं?

आधी आत जा, मग संग्रहालयात, आणि मग पुन्हा बाहेरून एक फेरी. संग्रहालय कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला आहे. दोनातेल्लोने घडवलेली मग्दालिया मरियेची लाकडी मूर्ती, जी पूर्वी याच बाप्तिस्मागृहात होती, तीही तिथेच आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, कारण ही जागा आजही देवालय आहे. घुमटाच्या मोझेकच्या जतनाचं काम २०२३ मध्ये सुरू झालं असून ते काही वर्षं चालणारं आहे. त्यामुळे तिकीट काढण्याआधी आत किती दिसतं याची चौकशी करा. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. २४ जूनला योहानाचा सण असतो, तेव्हा शहरात मिरवणूक आणि रात्री आतषबाजी असते. गर्दी चालत असेल तर तो दिवस धरा.

२१. आपल्याकडे यातलं काही बघायला मिळतं का?

अशी स्वतंत्र मध्ययुगीन बाप्तिस्मागृहं आपल्याकडे नाहीत, कारण पोर्तुगीज आले तोवर कुंड चर्चच्या आत गेलं होतं (प्रश्न २ पाहा). जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये असं जुनं कुंड आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांनी त्यात लोकांना बाप्तिस्मा दिला अशी तिथली परंपरा.

फ्लॉरेन्सच्या हातचं काम मात्र गोव्यात आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांनी ते नकळत पाहिलेलं असतं. बॉम जीझस बॅसिलिकात झेवियर यांची चांदीची पेटी ज्या उंच चौथऱ्यावर ठेवली आहे, तो ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा दे मेदिची याने पाठवलेली भेट. संताच्या डोक्याखालची उशी त्याला मिळाली होती, त्याबद्दलची ही कृतज्ञता. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने त्यावर दहा वर्षं काम केलं आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसवला. पेटी गोव्याच्या कारागिरांची आहे, चौथरा फ्लॉरेन्सचा. चारही बाजूंना ब्राँझच्या चौकटींमध्ये झेवियर यांच्या आयुष्यातले प्रसंग उठावात आहेत. पुढच्या वेळी तिथे गेलात तर पेटीवरून नजर खाली आणा आणि त्या ब्राँझमध्ये पुढच्या आकृत्या किती बाहेर येतात, मागच्या किती विरतात ते बघा. प्रश्न १६ मध्ये सांगितलेली युक्ती तिथे सापडेल.